रस्ता सिटीचा, बिल घरमालकाला: तुमच्याकडे कसं आहे?

बर्फाळ
मंडळी, प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

आम्ही मिनेसोटात राहतो, मिनिआपोलिसला लागून असलेल्या एका गावात (नाव मुद्दाम देत नाही). आमच्या गल्लीचा रस्ता शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार ऐंशीच्या दशकातला. हिवाळ्यात भेगांत पाणी शिरून गोठतं, बर्फ वितळलं की खड्डे, मग सिटीची गाडी येऊन ठिगळं लावून जाते, पुढच्या वर्षी ठिगळाला ठिगळ. यंदा एकदाचं ठरलं की पूर्ण उकरून खालच्या भरावापासून नवा करायचा, कर्ब-गटरसकट. आम्ही खूश. मग टपालाने पत्र आलं. स्पेशल असेसमेंट, म्हणजे कामाच्या खर्चाची लगतच्या घरांवर वेगळी आकारणी, तुमच्या घराचा वाटा ८४०० डॉलर.

बायको म्हणाली स्कॅम असणार, फोन करून बघ. केला. स्कॅम नाही. खर्चातला काही भाग सिटी उचलणार, उरलेला गल्लीतल्या घरांवर सारखा वाटणार. ठराव मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत सगळे पैसे भरले तर व्याज नाही, नाहीतर १० वर्षांत प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून वसूल, ५ टक्के व्याजाने.

माझी गाडी इथे अडलीय. प्रॉपर्टी टॅक्स दरवर्षी भरतोय तो मग कशाचा? शिवाय गल्लीच्या टोकाला शाळा आहे, सकाळी अर्ध्या गावाच्या गाड्या आमच्या दारावरून जातात, त्यांना दमडीचीही तोशीस नाही. आणि हरकत घ्यायची म्हटलं तर तिचा काही उपयोग होतो का, की नुसतंच लोकशाहीचं समाधान? मी पुण्यात वाढलो, तिथे दारासमोरच्या रस्त्याचं बिल आल्याचं कधी ऐकलं नाही. (रस्ताही क्वचितच आला म्हणा.) ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

सदाफुली
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर वाचेन.

डांबरट
आयडीला जागून पहिला प्रतिसाद माझाच हवा होता, सदाफुलीने घात केला.

८४०० डॉलर म्हणजे सात लाखांच्या घरात की हो! एवढ्यात आमच्याकडे नारळ, फ्लेक्सवर सतरा जणांचे हसरे चेहरे, 'अमुकतमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून' आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, सगळं बसतं. रस्ता पुढच्या टप्प्यात.

गुळपोळी
मला तरी यात गैर काही दिसत नाही. उद्या घर विकताना 'नवीन रस्ता, नवीन कर्ब' असं लिहाल ना जाहिरातीत? त्याचा फायदा तुमच्या खिशात जाणार, मग खर्च पलीकडच्या वॉर्डातल्या भाड्याने राहणाऱ्या माणसाने का द्यायचा?

आम्ही कॅलिफोर्नियात, अर्व्हाइनला. इकडे मेलो-रूस नावाचं प्रकरण आहे. १९७८ ला प्रॉपोझिशन १३ आलं, प्रॉपर्टी टॅक्स खरेदी किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि वर्षाला फार तर २ टक्के वाढ. लोक नाचले. मग शहरांकडे नव्या वस्तीत रस्ते, शाळा, बागा करायला पैसेच उरले नाहीत, म्हणून १९८२ ला कायदा आला की त्या त्या भागाचा वेगळा जिल्हा करा, कर्जरोखे काढा आणि ते तिथल्या घरमालकांकडून वर्षानुवर्षं फेडून घ्या. आपली देशी मंडळी नव्या कॉलनीत घर घेताना हप्ता मोजतात, शाळेचं रेटिंग बघतात, आणि मेलो-रूसची ओळ शेवटी दिसते. तेव्हा बर्फाळ, तुमचं १० वर्षांत संपतंय, आमचं २५-३० वर्षं चालू राहतं, देवाचे आभार माना.

बर्फाळ
गुळपोळी, फायदा खिशात जाणार हे गृहीत कसं धरलं? खड्डे होते तेव्हा घर घेतलं, आणि तेव्हा किंमत काही कमी लावली नव्हती कुणी.

कोपऱ्यावरचा
माझा आयडी गमतीचा नाहीये, मी खरंच कोपऱ्यावर राहतो. विस्कॉन्सिन. जिथे प्लॉटच्या रस्त्याकडच्या बाजूच्या लांबीवर, फुटाने आकारणी होते तिथे कोपऱ्यावरच्या माणसाची अवस्था विचारू नका. समोरचा रस्ता केला तेव्हा बिल, बाजूचा केला तेव्हा पुन्हा बिल. शेजाऱ्याचा प्लॉट माझ्याएवढाच, घर माझ्यापेक्षा मोठं, पण त्याची रस्त्याकडची बाजू अरुंद म्हणून तो निम्म्यात सुटतो. वर बर्फही मीच दुप्पट उपसायचा, दोन्ही बाजूंच्या फुटपाथचा. काही सिट्या लांब बाजूला सूट देतात, सगळ्या नाही.

पण इकडे बऱ्याच ठिकाणी लोकांनी हे बंद पाडलंय. ॲपलटनने रस्त्याच्या पुनर्बांधणीचं असेसमेंट काढून टाकलं आणि त्याऐवजी गाडीमागे वर्षाला २० डॉलर लावले, त्याला व्हील टॅक्स म्हणतात. ग्रीन बेने २०१९ पासून तेच केलं, ३५ डॉलर. हिशोब सरळ आहे, रस्ता कोण झिजवतं, घर की गाडी?

डांबरट
घर रस्ता झिजवत नाही हे एकदम पटलं. पण २० डॉलर छोट्या सेडानला आणि २० डॉलर त्या राक्षसी पिकअपलाही? मग परत तेच झालं की.

कोपऱ्यावरचा
हो, ते आहेच. आणि ज्यांनी आदल्याच वर्षी असेसमेंट भरलं ते वेगळे चिडले, की आम्ही आमचाही भरला आणि आता गाडीमागे तुमचाही भरायचा. सिटी कौन्सिलला एक दिवस तरी सुखाची झोप नाही.

नगररचना_निवृत्त
नमस्कार. राज्याच्या नगररचना खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे म्हणून थोडं लिहितो, लांबलं तर क्षमस्व.

पुण्यात बिल येत नाही असं बर्फाळ म्हणतात ते अर्धंच खरं. पैसे घेतले जातात, फक्त तुमच्या दारात येऊन घेत नाहीत. तुमच्याकडे जे चाललंय त्याचा भाऊ आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला, त्यातली टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम म्हणजे काय, तर एका भागातल्या सगळ्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढून घ्यायची आणि उरलेल्या जमिनीचे नीट प्लॉट पाडून मूळ मालकांना परत द्यायचे. प्लॉट आकाराने लहान होतो पण रस्त्याला लागतो, म्हणून भाव वाढतो, आणि त्या वाढीच्या निम्म्यापर्यंतची रक्कम बेटरमेंट म्हणून मालकाकडून घ्यायची. पार्ले, सांताक्रूझ, वांद्रे हे असेच वसले. पुण्यात शिवाजीनगरच्या जुन्या पत्त्यांत 'एफ.पी. नंबर' दिसतो ना, तो फायनल प्लॉट, टीपी स्कीममधला. १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यातही हे सगळं ठेवलेलं आहे.

मग थांबलं का? स्कीम मंजूर व्हायला वर्षानुवर्षं लागायची, लवाद, अपील, पुन्हा बदल, तोवर पहिला मालक वारलेला आणि सातबाऱ्यावर अकरा वारस. आपण कंटाळून डीपीच्या, म्हणजे विकास आराखड्याच्या मागे लागलो, नकाशावर रस्त्याची रेघ मारायची आणि जमीन संपादन करत बसायचं. गुजरातने टीपी सोडली नाही. अहमदाबादचा सरदार पटेल रिंग रोड, ७६ किलोमीटर, त्याची जमीन मिळवायला टीपी स्कीमचा मोठा उपयोग झाला. आता आपल्याकडेही पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) म्हाळुंगे-माणला टीपी घेतलीय.

आणि बिलाचं म्हणाल तर १९९२ ला एमआरटीपीत विकास शुल्काचं प्रकरण घातलं. बांधकाम परवानगी घेताना बिल्डर ते भरतो, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या टक्क्यात. मेट्रोसारखे प्रकल्प असतील तिथे ते दुप्पट होतं. वर मुंबई-पुणे-नागपूर-ठाण्यात एप्रिल २०२२ पासून खरेदीखतावर १ टक्का जादा अधिभार, तोही मेट्रोच्या नावाने. बिल्डर हे स्वतःच्या खिशातून भरतो असं कुणाला वाटत असेल तर त्यांना साष्टांग.

सदाफुली
काका, दंडवत घ्या. एवढं नीट पहिल्यांदा कळलं. म्हणजे माझ्या फ्लॅटच्या किमतीत माझ्या रस्त्याचे पैसे आधीच गेलेत?

नगररचना_निवृत्त
शहरातल्या कुठल्यातरी रस्त्याचे गेलेत, ताई. तुमच्याच रस्त्याचे असं नाही म्हणता येणार.

गुळपोळी
हाच तर फरक आहे ना! विकास शुल्क एकदा महापालिकेत जमा झालं की त्यातून माझा रस्ता झाला की दुसऱ्याच टोकाचा उड्डाणपूल, हे विचारायची सोय सामान्य माणसाला नाही. बर्फाळच्या पत्रात निदान रस्त्याचं नाव आहे, लांबी आहे, खर्च आहे, भागिले किती घरं ते आहे. आपल्याकडे पैसे जास्त जातात की कमी हा भाग वेगळा, पण हिशोब मागायला टोकच सापडत नाही.

पुण्याचा_पंत
रस्त्यांचा धागा आणि तिसाव्या प्रतिसादापर्यंत जंगली महाराज रस्त्याचं नाव नाही? पुणेकर झोपलेत काय? १९७६ साली झाला, रेकॉन्डो कंपनीने १० वर्षांची हमी दिली होती, पुढे कित्येक वर्षं खड्डा नाही. संपला विषय.

डांबरट
पंत, तीस कुठले, अजून बारा-पंधराच झालेत. आणि खड्डा पडला नाही म्हणून तर त्यांना पुन्हा काम मिळालं नाही अशी आख्यायिका आहे. धागा आता नियमानुसार पूर्ण झाला, चहा सांगा.

विदर्भवासी
थांबा बे, चहा नंतर. इकडचं ऐका.

नागपुरात शेतजमिनीचे तुकडे पाडून लेआउट विकले गेले, एनए नाही, मंजुरी नाही, मास्तर-क्लार्क-पोलीस सगळ्यांनी प्लॉट घेतले कारण तेच परवडायचं. मग २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, की बाबा शुल्क भरा आणि नियमित करून घ्या. त्यात दंडाची रक्कम वेगळी आणि विकास शुल्क वेगळं, प्लॉटच्या फुटावर. ते भरायचं, मग आरएल मिळतो, म्हणजे रेग्युलरायझेशनचं पत्र, आणि आरएल असला की बँक कर्ज देते, विकता येतं. इथे आमच्या बाबांच्या पिढीत सगळ्यांच्या तोंडी दोनच शब्द, डिमांड (पैसे भरायची नोटीस) आली का आणि आरएल झाला का.

आता गंमत. आमच्या लेआउटमधल्या लोकांनी डिमांड भरली, बाबांनी सोनं गहाण ठेवून भरली. त्यातून रस्ता, गटर, लाईट व्हायला हवं. ऑफिसात गेलो की सांगायचे, तुमच्या लेआउटमधून अजून सगळ्यांनी भरले नाहीत, वसुली झाली की काम. ज्यांनी भरले नाहीत ते म्हणायचे, काम सुरू करा मग भरतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बाबांची लुना पार हबपर्यंत रुतायची, ती हाताने ओढून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी ठेवायची आणि तिथून चप्पल हातात घेऊन घरी. दुकानदार गाडी ठेवायचे पैसे घ्यायचा नाही पण रोज काहीतरी विकत घ्यायला लागायचं. रस्ता झाला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो.

तर बर्फाळभाऊ, तुमच्याकडे आधी रस्ता आणि मग दहा वर्षं हप्ते. मी तर डोळे मिटून सही केली असती.

बर्फाळ
विदर्भवासी, वाचून गप्पच झालो. आमच्याकडे हिशोब उलटा आहे हे खरं, सिटी कर्जरोखे काढून काम आधी करते.

शून्यवेळ
मिनेसोटातच आहे, आणि या विषयात नाक खुपसलेलं आहे, वकील नाही.

कायद्याचा मुद्दा एकच लक्षात ठेवा. राज्याच्या कायद्यातल्या ४२९ व्या प्रकरणाखाली सिटी वाटा लावू शकते, पण तो तुमच्या घराच्या बाजारभावात त्या कामामुळे जेवढी वाढ होईल त्यापेक्षा जास्त असता कामा नये. खर्च किती झाला याच्याशी घेणंदेणं नाही, वाढ किती झाली याच्याशी आहे. म्हणजे रस्त्याला कितीही पैसे लागोत, तुमच्या घराची किंमत ५००० ने वाढत असेल तर ८४०० लावता येत नाहीत. सिद्ध कोण करणार? मूल्यांकन करणारा माणूस. त्याची फी तुमच्या खिशातून. तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

दोन सुनावण्या असतात. पहिली, काम करायचं की नाही, आणि घरमालकांचा अर्ज नसेल तर कौन्सिलचे चार पंचमांश लोक बाजूने लागतात. दुसरी, कुणावर किती. या दुसऱ्या सुनावणीत किंवा त्याआधी लेखी, सहीनिशी हरकत दिली नाही तर कोर्टाचं दार बंद. तोंडी कितीही ओरडलात तरी ती हरकत नाही. लेखी दिली असेल तर ठराव झाल्यावर ३० दिवसांत अपिलाची नोटीस मेयर किंवा क्लार्कला पोचवायची आणि पुढच्या १० दिवसांत जिल्हा कोर्टात दाखल करायची.

व्याजाचं गणित: मुद्दल समान हप्त्यांत असेल तर पहिल्या वर्षी ८४० अधिक ४२० म्हणजे १२६०, शेवटच्या वर्षी ८८२, आणि दहा वर्षांत मिळून व्याज २३१०. हातात पैसे असतील आणि कुठे ५ टक्क्यांच्या वर मिळत नसतील तर ३० दिवसांत भरून मोकळे व्हा. टॅक्स रिटर्नमध्ये मात्र ही रक्कम प्रॉपर्टी टॅक्स म्हणून दाखवू नका, ती घराच्या मूळ किमतीत मिळवायची असते. घरात ६५ च्या वरचे मालक असतील आणि पैशाची अडचण असेल तर पुढे ढकलायची सोय काही सिट्या देतात. माफी नाही हं, ढकलणं.

सदाफुली
भाप्र (भाबडा प्रश्न): देवळांना, चर्चना प्रॉपर्टी टॅक्स नसतो ना? मग त्यांच्यासमोरच्या रस्त्याचं काय?

शून्यवेळ
भाबडा मुळीच नाही, मोठा खटला झालाय यावर. टॅक्स माफ असला तरी असेसमेंट माफ नसतं, देऊळ असो की चर्च. सेंट पॉलमध्ये झाडणं, बर्फ काढणं, दुरुस्ती या सगळ्याचा खर्च रस्त्याकडच्या फुटांवर फी म्हणून लावत होते, चर्चनाही. डाउनटाउनमधल्या दोन चर्चनी आव्हान दिलं आणि २०१६ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही फी नाही, हा टॅक्सच आहे, आणि मग फायद्याची कसोटी लावावी लागेल. त्यानंतर सिटीला सगळी आकारणी नव्याने बसवावी लागली.

आणि याच्याही आधीचा, १८९८ चा, ओहायोमधल्या नॉरवुड गावचा किस्सा. गावाने एका बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला, जमिनीचे २००० डॉलर भरपाई ठरली, आणि मग रस्त्याचा फायदा तुम्हालाच म्हणून ते २००० आणि वर कोर्टकचेरीचा खर्च त्यांच्याच उरलेल्या जमिनीवर लावला! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते उडवलं. तीनच वर्षांनी दुसऱ्या खटल्यात तेच कोर्ट जरा सैल झालं आणि फुटावर सरसकट वाटणी चालेल म्हणालं.

डांबरट
जमीन तुमची, रस्ता आमचा, भरपाईही तुम्हीच द्या. हे गाव नक्की ओहायोतच होतं ना?

म्यूनिकची_माई
इकडची भर घालते. जर्मनीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता पहिल्यांदा बांधला जातो तेव्हाची वर्गणी देशाच्या बांधकाम कायद्यातच आहे, खर्चाचा किमान १० टक्के भाग गावाने उचलायचा, म्हणजे ९० टक्क्यांपर्यंत लगतचे मालक. आणि जुना रस्ता नवा केला तर त्याची वर्गणी, ती राज्याराज्यावर. पाच आकडी बिलं येत, मोठा प्लॉट आणि पेन्शनवरची आजी असली की तर विचारू नका, पेपरात दर आठवड्याला एक फोटो.

बर्लिनने २०१२ ला आणि हॅम्बुर्गने २०१६ ला ही दुसरी वर्गणी रद्द केली. आमच्या बव्हेरियात २०१८ च्या निवडणुकीच्या तोंडावर एका पक्षाने सह्यांची मोहीम काढली आणि सरकारने घाईघाईने १ जानेवारी २०१८ पासूनच रद्द केली. २०२४ मध्ये नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यही त्यात आलं. ज्यांना डिसेंबर २०१७ मध्ये बिल आलं त्यांच्या शिव्या मला जर्मन येत नसतानाही समजल्या असत्या.

पण एक सांगू का, रद्द झाल्यावर राज्य सरकार गावांना ठरावीक रक्कम देतं, आणि गावं म्हणतात ती पुरत नाही. म्हणजे बिल गेलं आणि यादीत आपल्या रस्त्याचा नंबरही मागे गेला. आमच्या गल्लीतला एकजण तर उघड म्हणतो, घ्या पैसे पण करा एकदाचा.

पार्लेकर_आजोबा
मुंबईचं विसरू नका. घरपट्टीच्या बिलात 'पथकर' अशी वेगळी ओळच असते, मात्र २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झालाय. आणि १८८८ च्या महापालिका कायद्यात खाजगी रस्त्यांसाठी तरतूद आहे, आयुक्त लगतच्या मालकांना नोटीस काढून रस्ता सपाट करा, फरसबंदी करा, गटार-दिवे लावा असं सांगू शकतात, तुमच्या खर्चाने. ते नीट झालं की रस्ता सार्वजनिक जाहीर होतो आणि मग पुढची काळजी पालिकेची.

आमची गल्ली अशीच खाजगी. चार सोसायट्या आणि एक चाळ. पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, खर्च कसा वाटायचा यावर गच्चीत सभा. आमचे सेक्रेटरी म्हणाले फ्लॅटवर वाटा. आत टोकाला असलेली सोसायटी म्हणाली मान्य, कारण त्यांचे फ्लॅट कमी. तोंडाशी असलेली म्हणाली आम्ही तर गेटमधून बाहेर पडलो की मेन रोडवर, तुमची गल्ली आम्ही वापरतच नाही, आमचा वाटा पाव. मग कुणीतरी म्हणालं गाड्यांवर वाटा, तर ज्यांच्या घरी दोन गाड्या ते एकदम 'तत्त्वाचा प्रश्न आहे' म्हणून उभे राहिले. चाळीतला शिंपी सगळं ऐकून म्हणाला, माझं दुकान आठ फुटी, फुटावर लावा, मी आत्ता देतो, आणि खरंच टेप काढून दाखवली. शेवटी फ्लॅटवरच झालं, चाळीने निम्मं दिलं, दोन गाड्यावाल्यांपैकी एकाने अजून दिलेलं नाही. पण तो ब्लॉकवरच पार्क करतो.

कोपऱ्यावरचा
आजोबा, तुमच्या गच्चीवरची ती सभा म्हणजे इथल्या कौन्सिल मीटिंगची हुबेहूब कॉपी आहे, फक्त आम्हाला वडा मिळत नाही.

पुण्याचा_पंत
त्या शिंप्याला स्थायी समितीवर पाठवा.

विदर्भवासी
एक शंका. वाढीव किमतीवर आकारणी हे कागदावर सुंदर आहे. पण जिथे लोक आधीच गरीब, तिथे घराची किंमत वाढून हातात काय येतं? विकलं तर. राहायचंच असेल तर नुसता हप्ता. बाबांनी प्लॉट कधीच विकला नाही. श्रीमंत वस्ती पटकन भरेल, तिचा रस्ता पटकन होईल, बाकीचे रांगेत. म्हणून मला कोपऱ्यावरच्यांचं गाडीवरचं जास्त पटतं, किंवा मग सरळ करातून. रस्ता हा काही माझ्या घराचा जिना नाही.

गुळपोळी
विदर्भवासी, गरीब वस्तीचा मुद्दा मान्य, तिथे सिटीने जास्त वाटा उचलावा. पण सरळ करातून केलं की रांग कुणाच्यातरी ओळखीनेच ठरणार की! तुमच्या बाबांनी पैसे भरून रस्ता मिळाला नाही, यात दोष पैसे मागण्याचा नव्हता, पैसे घेऊन काम न करण्याचा होता. मी तरी अजूनही माझ्या मतावर.

बर्फाळ
परवा दुसरी सुनावणी झाली, अपडेट देतो.

शून्यवेळ यांच्या सांगण्यावरून लेखी हरकत सहीसकट आधीच क्लार्ककडे दिली होती. हॉलमध्ये तीसेक माणसं, प्रत्येकाला ३ मिनिटं, समोर लाल-हिरवा दिवा. सिटीच्या इंजिनिअरबाईंनी आमच्या रस्त्याचा कोअर काढून आणला होता, म्हणजे ड्रिलने कापलेला मनगटाएवढ्या जाडीचा दंडगोल. तो टेबलावरून सगळ्यांच्या हातात फिरला. वर तीनेक इंच डांबर, तेही तीन थरांत सुटलेलं, बोटाने ढकललं तर थर हलत होते, आणि खाली खडी जवळजवळ नाहीच, सरळ चिकणमाती. बाई म्हणाल्या यावर वरून कितीही नवा थर टाकला तरी तीन हिवाळ्यांत वर येणार. तिथे अर्ध्या लोकांचा जोर गेला, माझ्यासकट. काम गरजेचं आहे यावर मग कुणी बोललंच नाही, सगळं वाटणीवर आलं.

शाळेच्या रहदारीचा मुद्दा मी मांडला. उत्तर आलं की शाळेलाही तिच्या फ्रंटेजचा (रस्त्याकडच्या बाजूचा) वाटा लावलाय, आणि रस्ता लोकल गणला असल्यामुळे सिटीचा हिस्सा ठरलेल्या धोरणापलीकडे वाढवता येत नाही. एका कौन्सिल मेंबरने मात्र विचारलं की सकाळच्या गाड्या मोजल्यात का, तर मोजलेल्या नव्हत्या. त्यांनी आकारणीचा ठराव पुढच्या मीटिंगपर्यंत थांबवला आणि रहदारी मोजायला सांगितलं. आकडा जास्त आला तर रस्त्याचा वर्ग बदलून आमचा वाटा कमी होऊ शकतो. होईलच असं नाही. कोर्टात वगैरे मी जाणार नाहीये, मूल्यांकनवाल्याची फी आणि वाचणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही.

शून्यवेळ
उत्तम. रबरी नळी टाकून मोजतात, दोन्ही टोकांना टाकलीय का बघा, आणि मुख्य म्हणजे शाळेला सुट्टी नसताना. उन्हाळ्यात मोजलं तर तुमच्या गल्लीत फक्त टपालवाला सापडेल.

डांबरट
आणि मोजणीच्या दिवशी सगळ्या मराठी मंडळींनी गाड्या घेऊन बर्फाळकडे चहाला जावं असा प्रस्ताव मांडतो. दोन चकरा मारून.

फार्गोवाला
उशिरा आलो, पण माझा प्रश्न अगदी तातडीचा आहे. नोकरीनिमित्त फार्गोला आलोय, घर बघतोय. इथे प्रत्येक घराच्या माहितीत किंमत, टॅक्स आणि त्याखाली 'स्पेशल्स' म्हणून वेगळा आकडा असतो. एकाच भागात दोन सारखी घरं, एकाचे स्पेशल्स जवळजवळ संपलेले, दुसऱ्याचे ३० हजारांच्या वर बाकी. एजंट म्हणतो काळजी करू नका, इथे सगळ्यांनाच असतात. काळजी करू का नको?

शून्यवेळ
करा. नॉर्थ डकोटात नवी वस्ती बहुतेक अशीच उभी राहते, रस्ते-गटार-पाणी सगळं स्पेशल्समधून. बाकी रक्कम माणसावर नाही, जमिनीवर असते, म्हणजे घर घेतलंत की उरलेले हप्ते तुमचे. दोन घरांची तुलना करताना किमतीत बाकी स्पेशल्स मिळवून मगच बघा. आणि 'लागू झालेले' आणि 'येऊ घातलेले' हे दोन वेगळे विचारा. एजंटला नाही, सिटीच्या ऑफिसला पत्ता देऊन विचारा, रस्त्याचं काम पुढच्या दोन-तीन वर्षांच्या यादीत आहे का तेही. करारात कोण काय भरणार हे लिहून घ्या.

फार्गोवाला
धन्यवाद! उद्या सकाळी फोन करतो. ३० हजारवाल्या घराचं किचन मात्र बायकोला फार आवडलंय.

गुळपोळी
मग विकणाऱ्याला निम्मे भरायला सांगा, नाही म्हणाला तर किंमत उतरवा. किचन तेच राहील.